नवतपा आणि खिडकीतला म्हातारा

मे महिन्यात नागपूरला जाऊ नये, हे शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. माणसे नागपूरला जातात ती हिवाळ्यात. संत्री खातात, थंडीची तारीफ करतात आणि परत येतात. विधिमंडळसुद्धा तिथल्या अधिवेशनासाठी हिवाळाच पसंत करते. मी मात्र गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, भर नवतपात, तिथे आठ दिवस राहून आलो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, म्हणजे साधारण 25 मेपासून, पुढचे नऊ दिवस ते नवतपा. मुंबईकराला हा शब्द ठाऊक नसतो. नागपूरकर तो उच्चारताना नकळत आवाज खाली आणतो.

जायचे कारण असे, की परदेशातून भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, आमच्या घरातला तो खिडकीतला जुना एसी एकदाचा काढून टाका आणि नवा बसवून या. बाबांचं बायपास झालंय, डॉक्टरांनी उन्हाळा जपायला सांगितलाय. ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.’’ भाऊजी माझे ऐकतात, हा त्याचा गोड गैरसमज मी दूर केला नाही. त्याने पैसेही पाठवून दिले होते. दुसऱ्याच्या पैशांनी तिसऱ्याचे भले करण्यासारखे सोपे काम नाही.

रात्रीच्या गाडीने निघालो. पहाटे अकोल्यापर्यंत हवा माणसांत होती. बडनेरा गेले आणि खिडकीची काच हाताला चटका देऊ लागली. नागपूरला उतरलो तेव्हा अजून दहाही वाजले नव्हते, पण फलाटावरची फरशी बुटातून कळत होती. रिक्षातून जाताना पाहिले, की स्कूटरवरच्या मुलीबाळी, बाप्ये, सगळ्यांनी डोके-तोंड फडक्याने असे गुंडाळले होते की फक्त डोळे दिसत. काही चौकांत सिग्नलपाशी थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळीचे मांडव घातले होते. रिक्षावाला म्हणाला, ‘‘आज काही नाही भाऊ. आज तर बरं आहे.’’ त्या दिवशी पारा 45 वर होता.

नागपुरात उन्हाळ्याचाही अभिमान असतो. 23 मे 2013 ला तिथे 47.9 अंशांची नोंद झाली, हा आकडा लोक जन्मतारखेसारखा सांगतात. 2024 च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. यंत्र बिघडले होते, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. पण रिक्षावाल्याच्या मते यंत्र ठीकच होते, खुलासा बिघडला होता.

ताईने दारातच पन्ह्याचा पेला हातात दिला. बैठकीत कूलर घरघरत होता आणि वाळ्याचा वास सुटला होता. हा कूलर म्हणजे विदर्भाचा खरा कुलदेव. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाणी, त्यात एक लहानसा पंप आणि मागे पंखा. ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढली, की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेऊन जाते. हवा जेवढी कोरडी तेवढा गारवा जास्त. म्हणून नागपुरात कूलर राजा, आणि मुंबईत त्याची किंमत शून्य. तिथल्या दमट हवेत तो घरात नुसता चिकचिकाट करतो. नागपुरातही जूनमध्ये पहिले ढग आले, की या राजाचे राज्य जाते. मग कामाला येतो तो एसी.

तो एसी आतल्या खोलीत होता. खिडकीत बसवलेला, दीड टनाचा, वीस वर्षांहून जुना. मूळचा पांढरा रंग आता जुन्या दातांसारखा झाला होता. सुरू करताना आधी ‘हं’ असा हुंकार, मग खोकला, मग सगळी खिडकी थरथरावी असा घरघराट. भाऊजी त्याला ‘म्हातारा’ म्हणत. ‘‘म्हाताऱ्याला जरा उठू दे,’’ म्हणून बटण दाबायचे. हा दीड टन म्हणजे वजन असावे, असे माझी आई समजत असे. खिडकीच्या सळ्या एवढे वजन पेलतील का, याची तिला फार काळजी. खरे तर एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकायची ताकद, ती एक टन. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातले हे माप अजून चालू आहे.

आईचे नाव आले म्हणून सांगतो. ती शेवटची नऊ वर्षे या खोलीत राहिली. आमचे दादरचे घर दोन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा. ‘थोडे दिवस ताईकडे’ म्हणून ती गेली आणि थोड्या दिवसांची नऊ वर्षे झाली. मी दिवाळीत जाऊन भेटून येई. दिवाळीत नागपूरची हवा फार छान असते.

दुसऱ्याच दिवशी मी नव्या एसीचे प्रकरण काढले. विजेची बचत, तारांकित लेबल, आवाज नाही, सगळे सांगितले. भाऊजी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘चालतोय तोवर चालू दे.’’ सुनावणी संपली.

आणि त्याच रात्री म्हातारा बसला.

दीडचा सुमार असेल. वीज दोनदा गेली आणि आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा पंखा फिरला, पण यंत्राने ‘हंऽऽ’ असा लांब हुंकार भरला आणि ‘खट्’ करून गप्प झाले. मिनिटभराने पुन्हा हुंकार, पुन्हा खट्. दहा मिनिटांत खोली तव्यासारखी झाली. भाऊजींना घाम फुटला, श्वास वर वर चालला. ताईने ओल्या पंचाने त्यांचे हातपाय पुसले. आम्ही दोघांनी धरून त्यांना बैठकीत कूलरसमोर आणले. ताई काही बोलत नव्हती, नुसती त्यांच्या छातीकडे पाहत होती. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चार प्रश्न विचारले, काय दिसले तर लगेच दवाखान्यात आणायचे ते सांगितले. पहाटे चारला भाऊजींना डोळा लागला. मी मात्र जागाच होतो. नवा एसी आल्या दिवशीच आणायला हवा होता, असे मनाला बजावत होतो.

सकाळी ताईने मिस्त्रीला बोलावले. साठीचा गृहस्थ, सायकलवर हत्यारांची पिशवी. मी त्याला म्हटले, ‘‘उघडू नका. आज नवीनच आणतो. याचा गॅस संपला असणार.’’

‘‘काहून घाई करून राहिले, भाऊ?’’ तो म्हणाला. ‘‘गॅस काय चुलीतलं लाकूड आहे, जळून संपायला? तो आतल्या आत फिरते. गळाला तरच कमी होते. गॅस संपला म्हणणारा येईल, तर आधी गळती कुठं आहे ते विचारा.’’

त्याने वीज मुख्य बटणापासून तोडली, पुढची जाळी काढली आणि माझ्या हातात दिली. ‘‘ही धुऊन आणा.’’ जाळीवर महिन्याभराची धूळ आणि कडुनिंबाचा फुलोरा होता. ती अशी बुजली, की हवा जात नाही, आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि लोकांना वाटते गॅस गेला. पंधरा दिवसांनी जाळी धुतली, तर निम्मे मिस्त्री उपाशी मरतील, असे तो स्वतःच म्हणाला.

मग त्याने आतून एक डबीसारखी वस्तू काढली. काढण्याआधी तिची टोके पेचकसाने जोडून तिच्यात साठलेली वीज उतरवली. ‘‘मशीन बंद असली तरी ही चावते. घरच्या माणसानं इथं हात घालायचा नाही.’’ तो होता कपॅसिटर. डोक्यावर फुगलेला. अंगावर आकडा होता 45, मीटरवर दिसला 28. ‘‘कॉम्प्रेसर मजबूत आहे, भाऊ. पण म्हाताऱ्याला उठायला काठी लागते. काठीच मोडली. तो उठू पाहते, उठत नाही, तापते, न् बंद पडते.’’ वीज गेल्यावर तीन मिनिटे तरी थांबून यंत्र सुरू करायचे, हेही त्याने ताईला पुन्हा बजावले. आतला दाब दोन्हीकडे सारखा झाल्याशिवाय चालू केले, तर भरल्या गाडीचा बैल चढावर उठवल्यासारखे होते.

तो बर्डीवर नवा कपॅसिटर आणायला गेला. मागची जाळी धुऊन, पंख्याच्या मोटारीला तेल देऊन, दुपारपर्यंत काम होणार होते. मधल्या वेळात मी त्याला माझे शहाणपण सांगितले होते. दादरच्या माझ्या एसीत पाणी साचून छपछप आवाज येई, म्हणून मी तळाला भोक पाडून घेतले. मिस्त्री कपाळाला हात लावून हसला. बाहेरच्या पंख्याला कडे असते. ते साचलेले पाणी उचलून तापलेल्या नळ्यांवर उडवते आणि त्या निवतात. म्हणजे मी यंत्राची फुकटची आंघोळ बंद केली होती, वर खालच्या बिऱ्हाडाशी गळक्या पाण्यावरून भांडण ओढवून घेतले होते ते वेगळेच.

तो गेल्यावर भाऊजींनी उशाखालून एक वही काढायला सांगितली. म्हणाले, ‘‘आजची तारीख घाल.’’ ती म्हाताऱ्याची वही होती. जाळी धुतल्याच्या तारखा, दुरुस्त्या, खर्च, सारे ओळीने. मी सहज पहिले पान उघडले. 2004 चा एप्रिल. ‘आईंच्या खोलीत एसी बसवला.’ खाली किंमत. त्याखाली, ‘पैकी निम्मे मुंबईहून येणे.’ आणि ती ओळ पुढे कधीतरी, वेगळ्या शाईने, पट्टीने सरळ रेघ मारून खोडलेली.

मला एकदम आठवले. मीच फोनवर म्हटले होते, ‘निम्मे माझे, पाठवतो.’ त्या वर्षी मुलाची फी होती. पुढच्या वर्षी दुसरे काही. नंतर मी विसरलो. भाऊजींनी वीस वर्षांत एकदाही आठवण दिली नाही. 2013 च्या त्या 47.9 च्या दिवशी आई या खोलीत होती. तो तिचा शेवटचा उन्हाळा. फोनवर म्हणाली होती, ‘‘इथं मला गार आहे रे, तू आपली काळजी घे.’’ आणि मी घेतलीही होती.

मी वही मिटली. भाऊजी छताकडे बघत होते. ‘‘यात मोडीत काढण्यासारखं फार काही नाही,’’ ते म्हणाले. एसीबद्दलच म्हणाले असावेत.

दुपारी म्हातारा उठला. हुंकार, खोकला, घरघराट. मी मिस्त्रीला एकट्याला बाजूला घेऊन विचारले, ‘‘खरं सांगा, किती दिवस?’’

‘‘दोन-तीन उन्हाळे काढील. पण यातला गॅस जुन्या जातीचा. आता पुढं मिळायला कठीण.’’ त्याचे खरे होते. या आर-22 वायूने वातावरणातल्या ओझोनच्या थराची हानी होते. 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्याने बाद होत आला, आणि आपल्याकडे नव्या यंत्रांत तो भरायला 1 जानेवारी 2025 पासून मनाई आहे. ‘‘म्हणून गळू देऊ नका. अन् कॉम्प्रेसर गेला, की मग माया करायची नाही. पण भाऊ, घरात दुखणाईत माणूस आहे. रात्रीची वेळ एका म्हाताऱ्याच्या भरवशावर काढायची नसते.’’

शेवटी तडजोड झाली. भाच्याच्या पैशांचा नवा एसी बैठकीत बसला. आतल्या खोलीत म्हातारा राहिला. नव्याचा आवाज येत नाही म्हणून पहिल्या रात्री भाऊजींना झोप लागेना. दोघांनाही जाग आहे, असे वाटले की बरे वाटते, म्हणाले.

मिस्त्रीचे बिल अकराशे पन्नास झाले. मी दिले, आणि वही भाऊजींपुढे धरली. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. मग सावकाश लिहिले, ‘मुंबईहून आले – 1,150.’ मी म्हटले, ‘‘बाकीचेही पाठवतो.’’ ते म्हणाले, ‘‘ती रक्कम खोडली आहे. खोडलेली रक्कम पुन्हा जमेला धरता येत नाही. हिशेबाचा नियम आहे.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘त्यापेक्षा पुढच्या मेमध्ये ये. जाळी धुवायला माणूस लागतो.’’

परवा ताईचा फोन आला. दिवाळीची आवराआवर चालली आहे. म्हाताऱ्याची जाळी धुऊन वाळवली, वायर गुंडाळली, आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवून त्याला घातली. आता एप्रिलपर्यंत झोप. मी तिकडे भाऊजींना बोलव म्हटले आणि विचारले, ‘‘मेचं आरक्षण किती दिवस आधी मिळतं हो?’’

रेल्वेचा माणूस. लगेच म्हणाले, ‘‘साठ. पण तू पहिल्या दिवशीच कर. नवतपाला गर्दी नसते असं समजू नकोस.’’