सूर्यमाळची वाटाडी

मुलांनो, सूर्यमाळचं नाव ऐकलंय का तुम्ही? पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याजवळ उंचावर वसलेलं हे गाव. (तुमच्या आईबाबांच्या भूगोलाच्या पुस्तकात मोखाडा ठाणे जिल्ह्यात असेल. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) तिथला सूर्यास्त फार सुंदर, असं ऐकून गेल्या मे महिन्यात मी आणि आमच्या शाळेतल्या आणखी एक बाई पाठीला सॅक अडकवून निघालो. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे एस.टी. आमची शाळा मुलुंडची, त्यामुळे डोंगर चढायची सवय शून्य!

गावाबाहेरच्या एका पाड्यावर पोचेपर्यंत आम्ही धुळीने माखलो होतो. एका अंगणात आजी बसल्या होत्या. दारात भरलेला हंडा. "आजी, जरा हातपाय धुऊ का?" मी विचारलं. "धू की, बाय," त्या म्हणाल्या. मग काय! आम्ही तोंड धुतलं, पाय धुतले, आणि मी तर बुटांवरची धूळसुद्धा धुऊन टाकली. हा हंडा लक्षात ठेवा बरं का.

आजींची नात आश्रमशाळेत सातवीत शिकते, ती सुट्टीला घरी आली होती. "ही दाखवील तुम्हाला सगळं," आजी म्हणाल्या. "पण पोरी, उन्हं उतरायच्या आत परत ये."

आणि आमची वाटाडी अनवाणीच पुढे निघाली.

उतारावरच्या शेतांत काळे काळे चौकोन दिसले. मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बघ, वणवा लागून गेलाय." ती खुदकन हसली. "वणवा नाय बाई, राब भाजलाय." शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पावसाआधी ते जाळतात. त्या आचेने तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. मग पाऊस पडला की तिथे नागलीचं बी पेरतात. रोपं वाढली की उपटून दुसरीकडे लावतात. सातवीतली मुलगी शिकवत होती आणि दोन बाई माना डोलावत होत्या!

पुढे करवंदांच्या जाळ्या लागल्या. तुम्ही खेळता ना, 'कोंबडा की कोंबडी'? करवंद दातांनी तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा. मी दहापैकी आठ वेळा हरले. तिला बाहेरूनच कसं कळायचं, ते मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुपारी तिच्या फडक्यातली नागलीची भाकरी आणि आमचे ठेपले वाटून खाल्ले. मी बाटली पुढे केली तर तिने मोजून दोन घोट घेतले आणि झाकण घट्ट लावून परत दिली.

सूर्यास्त बघायच्या जागी आलो तेव्हा साडेपाच वाजले होते. आम्ही ऐसपैस बसलो. ती मात्र सूर्याकडे बघायची, मग पाड्याकडे, परत सूर्याकडे.

"काय गं, कंटाळलीस?"

"नाय बाई. पाण्याला जायचंय. आज टँकर नाय आला."

"अगं, पण सकाळी तर हंडा भरलेला होता!"

ती काही बोलली नाही. माझ्या मैत्रिणीने हळूच माझ्या बुटांकडे पाहिलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू!

"तुम्ही बघा सूर्य, मी जाते," ती म्हणाली. आम्ही सॅक उचलल्या आणि तिच्या मागे निघालो.

विहिरीच्या तळाशी परातीएवढं पाणी होतं. चार-पाच बायका आधीच बसलेल्या. वाडगं बुडेल इतकं पाणी झिरपलं की एकीने भरायचं, मग पुन्हा थांबायचं. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस कोसळतो, पण जमिनीखाली काळा कातळ. त्यात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून वाहून नदीला मिळतं. येताना वैतरणेचा पूल ओलांडला होता. तिच्यावर मुंबईसाठी धरणं आहेत : १९५७ चं मोडकसागर, आणि २०१४ चं मध्य वैतरणा तर याच मोखाडा तालुक्यात, शंभर मीटरांहून उंच.

"बाई, तुमच्या नळाला किती वेळ पाणी असतं?" तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग पोचतंय म्हणायचं आमच्याकडचं."

रागाने नाही हो, अगदी सहज. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आमची पाळी येईस्तोवर सूर्य टेकला होता. मी हट्टाने एक कळशी डोक्यावर घेतली. तिने मला फडक्याची चुंबळ करून दिली. चढावर दोनदा अडखळले, मान ताठ ठेवायच्या नादात पश्चिमेकडे बघायचंही राहिलं. माझी मैत्रीण म्हणते, आकाश फार सुरेख लाल झालं होतं.

अंगणात कळशी उतरवली तर निम्मी रिकामी. आजींनी आत डोकावून पाहिलं.

"राहू दे आजी," नात हसत म्हणाली, "बाईंनी वाटेलापण पाणी पाजलं."