चेचलेली काकडी

उन्हाळ्यात आमच्या घरी खमंग काकडी होते ती चोचवून, दाण्याचे कूट घालून. मीठ अगदी पाने वाढताना, कारण आधी घातले तर पाणी सुटते. अलीकडे आम्ही चिनी पद्धतीची ‘पाय ह्वांग-ग्वा’, म्हणजे चेचलेली काकडी, करू लागलो आहोत. तेथील न्याय नेमका उलटा.

दोन कोवळ्या काकड्या पाटावर ठेवून लाटण्याने चेचाव्यात, साल तडकली की हातानेच तुकडे करावेत. सुरीच्या गुळगुळीत कापावर रस ठरत नाही. फाटलेल्या, खडबडीत कडांत तो मुरतो. चमचाभर मीठ लावून 15 मिनिटे चाळणीत ठेवावे आणि सुटलेले पाणी खुशाल टाकून द्यावे. मग ठेचलेला लसूण, एक चमचा सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, चिमूटभर साखर, भाजलेल्या तिळांच्या तेलाचे थेंब.

इतिहास शिकवण्याची सवय जडल्याने आम्हाला अधिक चव लागते ती नावाची. काकडीचे मूळ हिमालयाच्या पायथ्याशी. चीनमध्ये ती पोचली तेव्हा तिला ‘हू-ग्वा’ म्हणू लागले. ‘हू’ म्हणजे उत्तरेचे आणि पश्चिमेचे परके, रानटी ठरवलेले लोक. पुढे तेथे ती ‘ह्वांग-ग्वा’, पिवळे वेलफळ, झाली. जपानमध्ये मात्र ‘क्यूरी’ लिहिताना ती जुनी, परकेपणाची अक्षरे अजून चालतात. नाव ठेवणारा एक आणि ते वाहणारा दुसरा, हे आपल्या वाचकांना आम्ही काय सांगावे!

काकडी केल्याबरोबर खावी. दुसऱ्या दिवशी मऊ पडते. आमच्याकडे तेवढी उरत नाही.