परतीचा नांगर

जहाज जमिनीला लागू नये म्हणून माणसाने किती खटपटी केल्या! दीपस्तंभ उभारले, बुडालेल्या खडकांचे नकाशे काढले, खोली मोजायला दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडलं. गलबत वाळूत रुतणं म्हणजे तांडेलाची नाचक्की. आणि गेले पाच महिने मी ज्या जहाजाची प्रतिकृती करतो आहे, ते बांधलंच होतं मुळी पुळणीवर चढवण्यासाठी.

एलएसटी, म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’. दुसऱ्या महायुद्धात बंदर नसलेल्या उघड्या किनाऱ्यावर थेट रणगाडे उतरवणारं अमेरिकी जहाज. खरं जहाज ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद. माझं १:३५० प्रमाणातलं, शाळेतल्या पट्टीहून जरा आखूड. या मापात शर्मन रणगाडा दीड सेंटिमीटरहून थोडा मोठा होतो आणि माणूस आंबेमोहोराच्या दाण्याएवढा.

रात्रीची जेवणं झाली की टेबल पुसायचं, दिवा खाली ओढायचा आणि बसायचं. कटरने एकेक भाग सोडवायचा, पॉलिश पेपरने कड घासायची, चिमट्याने उचलून जागेवर न्यायचा आणि डिंक धरेपर्यंत श्वास रोखायचा. हात गुंतलेले असतात तेव्हा मन प्रश्न विचारतं. माझा पहिला प्रश्न जहाजाच्या तळाने उभा केला. तळ सपाट होता, पण नाकाकडे हळूहळू वर चढत गेलेला. माझीच जोडणी चुकली असं वाटून मी दोनदा मोजलं. चूक नव्हती. सगळी अक्कल त्या उतारातच होती.

महासागर ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसायला हवं, नाहीतर लाटा ते हेलकावून टाकतील. किनाऱ्यावर चढायचं तर तेच जहाज उथळ हवं. एकाच जहाजात या दोन्ही गोष्टी कशा बसवायच्या? १९४० साली डंकर्कहून माघार घेतलेल्या ब्रिटनला रणगाड्यांसह परत युरोपात उतरायचं होतं, तेव्हा हे कोडं समोर आलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जॉन नीडरमायर या जहाजरचनाकाराने त्याचं उत्तर कागदावर उतरवलं. उत्तर होतं पाणी. पाणबुडीत असतात तशा टाक्या पोटात ठेवायच्या. प्रवासात त्या समुद्राच्या पाण्याने भरून जहाज जड करायचं आणि किनारा जवळ आला की पाणी उपसून हलकं करायचं. मग नाकाशी जेमतेम चार फूट पाणी पुरतं आणि मागे दहा. पुळणीच्या उताराला जहाजाचा उतार मिळतो, नाकाची दोन दारं उघडतात, फळी खाली येते आणि रणगाडे जवळजवळ कोरडे बाहेर पडतात.

पण चढलेलं जहाज परत पाण्यात जाणार कसं? याचं उत्तर एका रात्री माझ्या हातून निसटून फरशीवर पडलं. जहाजाच्या मागच्या टोकाला बसणारा एक इवलासा नांगर. टॉर्च घेऊन अर्धा तास शोधूनही सापडला नाही, तेव्हा तो न लावताच पुढे जावं असं मनात आलं. मागच्या बाजूला कोण बघणार? दुसऱ्या दिवशी वाचताना कळलं, की तो शोभेचा नव्हताच. किनाऱ्याकडे जाताना, अजून बरंच पाणी बाकी असतानाच, हा नांगर मागे सोडायचा आणि त्याची तार सोडत सोडत पुढे जायचं. माल उतरला की यंत्राने तीच तार ओढून घ्यायची. समुद्रतळात घट्ट रुतलेला नांगर जहाजाला वाळूवरून मागे खेचतो. म्हणजे पोचण्याआधीच परतीची तरतूद. त्या संध्याकाळी मी पुन्हा फरशीवर बसलो आणि नांगर सापडेपर्यंत उठलो नाही.

नांगर हा आपला शब्दही किती नेमका आहे. शेतातला आणि समुद्रातला, दोघांचं नाव एकच, आणि योगायोगाने दोघांचं काम जमिनीत रुतण्याचं. या जहाजांना तर तो फारच शोभतो. समुद्रकाठचे कारखाने मोठ्या युद्धनौकांत गुंतलेले, म्हणून यांतली कितीतरी जहाजं इंडियानातल्या एव्हान्सव्हिलला आणि इलिनॉयमधल्या सेनेकाला बांधली गेली. मक्याच्या मुलखात, समुद्रापासून शेकडो मैल दूर. हजारो माणसं तिथे वेल्डिंग शिकली, त्यांत बायकाही होत्या. तयार जहाज नदीत आडवं सरकवायचे आणि नद्यांनी ते मेक्सिकोच्या आखाताकडे जायचं. युद्ध संपेपर्यंत अशी हजाराहून अधिक जहाजं तयार झाली.

मग प्रश्न दारांचा आला. किटमध्ये नाकाची दारं मिटलेली किंवा उघडी, कशीही लावता येतात. मिटली तर जहाज समुद्रात आहे, उघडली तर किनाऱ्यावर. मी आठवडाभर ठरवू शकलो नाही, कारण त्याच दिवसांत मी लाइम उपसागराबद्दल वाचत होतो. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईआधी इंग्लंडच्या स्लॅप्टन किनाऱ्यावर तिची रंगीत तालीम चालली होती. २८ एप्रिल १९४४ रोजी मध्यरात्रीनंतर जर्मन टॉर्पेडो बोटींनी आठ एलएसटींचा ताफा गाठला. दोन बुडाल्या. त्या रात्री सातशेहून अधिक माणसं गेली. जीवरक्षक पट्टा काखेखाली बांधायचा असतो हे कित्येकांना नीट शिकवलंच नव्हतं. पाठीवरच्या ओझ्यामुळे त्यांनी तो कमरेला बांधला, आणि पाण्यात त्या पट्ट्यानेच त्यांना उलटं केलं. तालमीत मेलेली माणसं. त्यांच्या जहाजाची दारं उघडलीच नाहीत.

तालीम म्हटलं की मला खडकवासला आठवतो. सिंहगडावरून तलाव दिसतो, त्याच्या उत्तर काठावर आज राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. त्या महायुद्धात तिथे समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण देणारं केंद्र होतं. त्यासाठी काठावर एक नकली जहाज उभं केलं होतं, नाव एचएमएस अँगोस्टुरा. तेही एका जहाजाची प्रतिकृतीच, फक्त माणसं चढतील एवढी. समुद्र कधीही न पाहिलेल्या त्या जहाजावरून सैनिक तोल सावरत उतरायला शिकत. जानेवारी १९४५ मध्ये भारतीय फौजा ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्यावर, आक्याब आणि रामरीला उतरल्या. सिंहगडावर जाणं माझं जुनंच, पण आता तलाव पाहिला की मला पाण्याआधी त्या काठावरचे बूट दिसतात.

प्रतिकृती माप लहान करते, पण काय काय झालं ते लहान करत नाही. उलट ती आपल्याला त्याच्याजवळ नेऊन बसवते. साडेतीनशेपट लहान झालेल्या डेकवर कठडा चिकटवताना तिथे कोण रेलून उभा राहिला असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

शेवटी मी दारं उघडी लावली. रणगाडे मात्र आत ठेवले नाहीत, पुळणीवरही नाही. नॉर्मंडीला रणगाडे उतरवल्यावर या जहाजांचं दुसरं काम सुरू होई. त्याच रिकाम्या डेकच्या भिंतींना स्ट्रेचर टांगण्याची सोय होती, आणि हजारो जखमी याच जहाजांतून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडला परतले. माझं जहाज त्या घडीचं आहे. आतलं सामान उतरलं आहे, दारं उघडी आहेत, जहाज थांबलं आहे. मागच्या टोकाकडून केसाएवढी एक तार टेबलावरच्या निळ्या कागदात उतरते. तिच्या टोकाला तो नांगर आहे. कागदाखाली असल्यामुळे तो कुणालाही दिसत नाही, पण मी तो लावला आहे.