पन्नास रुपयांचा दंड

रांजणगाव एमआयडीसीत मी एका कामगार ठेकेदाराच्या ऑफिसात बसतो. माणसं भरायची, गेटपास काढायचे, पीएफचे घोळ निस्तरायचे. आधार आणि बँक पासबुकासोबत पोरांकडून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या कागदावर 'निरंक' आलं की माझं काम सोपं.

आमच्याकडे दोन आते-मामेभाऊ होते. एक शिरूरजवळच्या गावचा, दुसरा दौंडकडचा, कारेगावात खोली करून राहणारा. बैलगाडा शर्यतींवर सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये बंदी आणली, तरी यात्रेला कुठे ना कुठे गाडे पळायचेच. तशाच एका यात्रेत शर्यतीच्या घाटात पोलीस आले आणि आयोजकांसोबत या दोघांची नावंही गुन्ह्यात गेली. "अण्णा, मी तर नुसती घोडी धरली होती," दौंडवाला सांगायचा.

कलमं दोन. आदेश मोडल्याचं, भारतीय दंड संहितेतलं 188 आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचं, 1960 च्या कायद्यातलं. या दुसऱ्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास! पण तारीख पडली की कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला. वैतागून दौंडवाल्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला, मोकळा झाला. शिरूरवाला आळशी. त्याची केस लोंबकळत राहिली.

16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली, पुढे सरकारने बंदीतले खटले मागे घ्यायचं ठरवलं. सरकारी वकिलांचा अर्ज, कोर्टाची परवानगी, आणि शिरूरवाल्याची केस संपली. दौंडवाल्याचं काय मागे घेणार? त्याचा तर निकाल लागलेला, गुन्हा शाबीत. कायद्याला मान देऊन लवकर मिटवणारा अडकला आणि टाळाटाळ करणारा सुटला, हे मला अजून पचत नाही.

ठेका नव्याने झाला तेव्हा कंपनीने सगळ्यांची प्रमाणपत्रं आणि सोबत एक फॉर्म मागितला. 'कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' यापुढे दौंडवाल्याने 'नाही' लिहिलं. दंड भरला म्हणजे मिटलं, ही त्याची समजूत. प्रमाणपत्रात मात्र शिक्षेची नोंद आली. सकाळच्या पाळीला त्याने पंच केलं तर लाल दिवा. नोटीस नाही, चौकशी नाही.

एचआरवाल्यांचं म्हणणं, शर्यतीचं आम्हाला काही नाही, पण पोरगं खोटं बोललं. मी अवतार सिंग खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा निकाल छापून नेला. किरकोळ गुन्हा लपवला असला तर मालकाने तो तारतम्याने बघावा आणि सोडूनही द्यावा, असं त्यात आहे. एचआरच्या साहेबांनी कागद चाळला. "हे सरकारी नोकरीचं आहे. आणि तो आमचा कामगार कुठेय? तुमचाय." आमच्या मालकाला एका माणसापायी ठेका घालवायचा नव्हता.

आता फॉर्म भरताना मी पोरांना आधीच विचारतो आणि केस असेल तर निकालाची नक्कल आणायला लावतो. दौंडवाल्याने कुरकुंभ एमआयडीसीत 'होय' लिहून, नक्कल जोडून अर्ज केला. घेतला त्याला, पण लोडिंगला. मशीनवर नाही.