फटफटीचा श्वास

श्रावणात फटफटीवरून प्रवास करू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. पण राखीपौर्णिमेला धाकट्या बहिणीकडे धुळ्याला जायचे, तर आम्हाला आमची जुनी फटफटीच हवी. जळगाव ते धुळे अंतर सुमारे ९५ किलोमीटर. सकाळी निघावे आणि दुपारी बहिणीच्या पानावर बसावे, असा आमचा साधा हिशेब!

निघताना आभाळ भरून आले. इंजिनाला हवा गाळून देणाऱ्या एअर फिल्टरमध्ये पाणी शिरले की गाडी बंद पडते, एवढे आम्ही ऐकून होतो. तेव्हा बहिणीसाठी घेतलेल्या साडीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि फिल्टरच्या डब्याला गच्च गुंडाळली. साडी नुसत्या कापडी पिशवीत गेली.

बांभोरीजवळ गिरणा ओलांडली. बहिणाबाई चौधरींचे नाव लाभलेले विद्यापीठ पावसात न्हात होते. दोन्ही बाजूंना कपाशी हिरवीगार. पण पाळधी मागे पडली आणि फटफटी धापा टाकू लागली. मूठ पिळावी तितकी ती अधिकच गुदमरे, आणि मागे काळा धूर सोडी. कशीबशी एरंडोलला पोचली.

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे तिथले लोक सांगतात. आमच्या बकासुराला तर खायला हवाही मिळत नव्हती! रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती पिशवी पाहिली आणि विचारले, ‘‘साहेब, पाऊस आला म्हणून आपण स्वतःच्या नाकातोंडाला पिशवी बांधता का?’’

त्यांनी डबा उघडला. आतला कागदी फिल्टर उन्हाळ्यातल्या काळ्या मातीच्या धुळीने आधीच भरला होता. खानदेशची ही माती मोठी लबाड. उन्हात पिठासारखी उडते, पावसात डिंकासारखी चिकटते. धुळीच्या फिल्टरला ओल लागली की त्याचा चिखल होतो आणि हवेची वाट बुजते. मग पेट्रोल जास्त, हवा कमी. म्हणून तो काळा धूर. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. स्पंजाचा असेल तर धुवावा, पूर्ण वाळवावा आणि तेलाचा हात द्यावा. झाकणाचे रबर घट्ट असावे, डब्याच्या तळाची पाणी निथळायची नळी मोकळी असावी, चाकामागचा चिखल अडवणारा रबरी पडदा शाबूत असावा. पाणी अडवावे, हवा अडवू नये; एवढेच त्यातले शास्त्र. नवा फिल्टर बसला आणि फटफटी पुन्हा नीट बोलू लागली.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला मागे टाकून आम्ही मक्याची कणसे आणायला हमरस्ता सोडला आणि मेहुण्यांच्या शेताकडे वळलो. वाटेतल्या नाल्याच्या फरशीवरून गढूळ पाणी वाहत होते. ताजी दुरुस्ती, मनात भीमाचे बळ! आम्ही गिअर टाकला, तोच बैलगाडी थांबवून उभा असलेला शेतकरी म्हणाला, ‘‘थांबी जा भाऊ, घडीभरमा पानी उतरी जाई.’’

मिस्त्रींचे निरोपाचे शब्द आठवले. हवेच्या वाटेने पाणी थेट इंजिनात गेले तर फिल्टर वाचवू शकत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग आतला पोलादी दांडाही वाकतो. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर किक मारू नये. ढकलून बाहेर काढावी. आणि फरशीवरून वाहणारे पाणी तर गाडीसकट माणसालाही ओढून नेते. आम्ही गिअर काढला.

दीड तास बसलो. शेतकऱ्याने शिदोरीतली भाकरी पुढे केली. पाणी ओसरून फरशी उघडी पडली, मगच पलीकडे गेलो.

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडला तेव्हा दिवेलागण झाली होती. बहीण दारातच उभी होती. साडी ओली निघाली. ती दोरीवर वाळत घालताना बहीण म्हणाली, ‘‘दादा, साडी भिजली तर वाळते.’’ पुढचे ती बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

ती पिशवी अजून आमच्या गाडीवर असते. तिच्यात एक कोरडा, सुटा फिल्टर असतो.