ओल्या हाताची बरणी

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, हे काही आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. बुरशीचा ठिपका दिसतो तेव्हा चूक होऊन महिना उलटलेला असतो, हेही आपण जाणतो. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, लोणच्याची एक बरणी मी बिघडू दिलेली नाही. पण मागच्या वर्षी एका वेगळ्याच बरणीच्या बाबतीत मी अशी चूक केली, की आठवलं तरी घास घशाखाली उतरत नाही.

आमच्या वन्संना छातीत गाठ निघाली. वय ५२. आधी सुईनं तुकडा काढून तपासला, कर्करोग ठरला आणि एका शनिवारी संध्याकाळी आमच्याच गावातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. रात्री तिथल्या माणसानं ह्यांच्या हातात झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी दिली. "शहरातल्या लॅबला पोचवा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी रविवार, लॅब बंद. मी मोठ्या शहाणपणानं बरणी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवली. खराब होऊ नये म्हणून! सोमवारी पहिल्या एस.टी.नं हे ती घेऊन गेले.

पुढे शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ हार्मोनवर पोसणारी आहे, काखेत पसरलेली नाही. केमो द्यायची की नुसत्या गोळ्यांवर भागेल, हे ठरवायला गाठीतल्या २१ जनुकांची एक चाचणी असते. दहा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अशा गाठीत मधले गुण आलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांना केमोचा जादा फायदा होत नाही, असं त्यात दिसलं. चाचणी महाग. वन्संनी पाटल्या मोडल्या. आणि पंधरा दिवसांनी उत्तर आलं, नमुन्यातला आरएनए तपासण्याजोगा नाही!

नेमकी तेव्हाच थोरल्या जाऊबाईंची मुलगी सुटीला घरी आली होती. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत हेच काम करते. मी म्हटलं, "अगं, मला बीएला कुठलं आलंय शास्त्र! मला समजेल असं सांग."

"काकू," ती म्हणाली, "डीएनए म्हणजे आजीची पाककृतींची वही. ती सगळ्या पेशींत सारखीच, आणि टिकाऊ. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतूनसुद्धा ती वाचता येते. आरएनए म्हणजे आज काय शिजवायचं म्हणून ओट्यावर ठेवलेली चिठ्ठी. गाठ आत्ता काय शिजवतेय हे कळायला चिठ्ठ्याच वाचाव्या लागतात. पण काम झालं की चिठ्ठी फाडायची, अशी पेशीचीच रीत. फाडणारी एन्झाइम्स पेशीत असतात, आपल्या बोटांवर, घामातही असतात. त्यातली काही उकळलं तरी मरत नाहीत!"

म्हणून म्हणे त्यांच्याकडे हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावत नाहीत. उंदराच्या यकृताचा तुकडा काढला की तत्क्षणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, आणि मग उणे ८० अंशांच्या कपाटात. पुढे आरएनए काढला की तो किती शाबूत आहे त्याला १ ते १० गुण देतात. ही गुणपद्धत २००६ साली आली. मी शाळेत मराठीचे पेपर तपासते, त्यामुळे मला हे लगेच पटलं. उत्तरपत्रिकाच फाटकी असेल तर परीक्षक कितीही हुशार असून काय उपयोग?

"फाटकी आहे हे कळलं तरी बरं," ती म्हणाली. "खरी भीती पुढेच आहे. शरीराबाहेर काढलेला तुकडा लगेच मरत नाही. रक्त मिळेना म्हणून तो कासावीस होतो आणि नव्या चिठ्ठ्या लिहायला लागतो. समज, आजाऱ्यांचे तुकडे दोन तास टेबलावर राहिले आणि निरोग्यांचे दहा मिनिटं. मग यंत्र फरक दाखवतं तो आजाराचा नसतोच, नुसता वाट पाहण्याचा असतो! आकडे मात्र छान छापून येतात."

मग तिनं हळूच विचारलं, "आत्याच्या बरणीत काय होतं?"

ह्यांना लॅबमधल्या माणसानं सांगितलं होतं, साधं मिठाचं पाणी. तिनं डोळे मिटले. मिठाच्या पाण्यानं काही थांबत नाही. फ्रिजनं वेग कमी होतो इतकंच. ती कामं फॉर्मॅलिनची. त्यातही आरएनएचे तुकडे होतात, पण पुढची नासाडी थांबते, आणि ही चाचणी तुकड्यांवर चालेल अशीच बेतलेली आहे.

त्या रात्री मला झोप नाही. चूक दवाखान्याची खरी, पण बरणी माझ्या फ्रिजमध्ये होती. सकाळी वन्संच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जपूनच ठेवली होती ना!" एवढंच.

वाट निघाली ती पुतणीच्या प्रश्नातून. सुईनं काढलेल्या पहिल्या तुकड्याचं काय? तो वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडला होता आणि मेणाच्या ठोकळ्यात शाबूत होता. तोच पाठवला. उत्तर आलं, धोका जास्त, केमो घ्यायलाच हवी. आम्ही रडलो. वन्सं म्हणाल्या, "केस गेले तर खात्रीनं जातील, अंदाजानं नाही." आता केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे!

मैत्रिणींनो, यंत्राला आपण देव मानतो. पण त्याच्या उत्तराचा खरेपणा यंत्रापाशी पोचण्याआधीच, पहिल्या तासाभरात ठरून गेलेला असतो. गाठीतल्या हार्मोनच्या तपासणीसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१० साली नियमच घालून दिला. तुकडा १ तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. तेव्हा घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर आधीच विचारा: बरणीत फॉर्मॅलिन असेल ना, तुकड्याच्या निदान दहापट? काढल्याची वेळ वर लिहाल ना? नमुना लॅबला कोण आणि कधी नेणार? लॅब उघडी असेल असाच दिवस ठरवता येईल का? आणि मेणाचा ठोकळा कुठल्या लॅबमध्ये आहे, तो नंबर घरच्या फायलीत जपून ठेवा. विचारायला लाजू नका. मी लाजले होते.

यंदा लोणचं घालताना वन्सं शेजारी होत्या. मी बरणी कोरडी पुसली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुसायला लागले तशी त्यांनी माझ्या हातातून फडकं काढून घेतलं.