सोळाव्या आठवड्याची वाट

व्यापारी घरात थांबणे कोणाच्या अंगवळणी पडत नाही. कापसाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा; जे करायचे ते आजच, अशी आमची घडण. अकोल्याच्या थोरल्या दिरांच्या सुनेला दिवस गेले, तेव्हा या सवयीची कसोटी लागली.

दहाव्या आठवड्यातील तपासणीत तिच्या रक्तातील लाल पेशी नेहमीपेक्षा लहान आढळल्या. डॉक्टरांनी ‘एचपीएलसी’ तपासणी करविली. हिमोग्लोबिन ए-२ वाढलेले, म्हणजे ती थॅलेसेमिया मायनर. पुतण्याचेही रक्त पाठविले. तोही तसाच निघाला. दोघेही धडधाकट. परंतु आई-वडील दोघे वाहक असले की प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सिंधी, लोहाणा, कच्छी आणि आपल्या काही जैन कुटुंबांत हा दोष अधिक आढळतो, हे आमच्या घरी त्या दिवशी प्रथम समजले.

एवढे होईतो तेरावा आठवडा उजाडला. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेतील पेशी घेऊन निदान करता येते. पण तिची वार अवघड जागी होती. तेव्हा मुंबईच्या तज्ज्ञ बाईंनी सोळाव्या आठवड्यात गर्भजल परीक्षण करण्याचे ठरविले. थोरले दीर अस्वस्थ झाले. “लागेल तो खर्च करू, पण याच आठवड्यात उरकून टाका,” असे त्यांनी फोनवर सांगितले. बाई ठाम राहिल्या.

त्यांचे कारण मला पटले. बाराव्या-तेराव्या आठवड्यात गर्भजल थोडे असते आणि गर्भाभोवतीची दोन आवरणे अजून एकमेकांना चिकटलेली नसतात. कॅनडात चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या-बाराव्या आठवड्यात परीक्षण झालेल्या गटात ७.६ टक्के गर्भ हातचे गेले, वेळेवर झालेल्या गटात ५.९ टक्के. पावले आत वळलेली मुले पहिल्या गटात शंभरात एकाहून अधिक, दुसऱ्यात हजारात एक. म्हणून पंधरा आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सुई घालीत नाहीत. त्यानंतर अनुभवी हातांनी केले, तर या परीक्षणामुळे गर्भपात होण्याचा वाढीव धोका सामान्यतः दोनशेत एकाहूनही कमी मानतात. कमी, पण शून्य नव्हे. सुनेने सहीपूर्वी तो आकडा दोनदा विचारून घेतला, हे मला फार आवडले.

अमरावतीहून सुटणाऱ्या मुंबई गाडीत मी आधीच बसले होते. अकोल्याला ती दोघे चढली. रात्री सून हळूच म्हणाली, “काकू, अहवाल वाईट आला तर?” अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घरात हा प्रश्न सोपा नाही. त्याचे उत्तर दीर-जावांनी द्यायचे नाही, मीही दिले नाही. मात्र तो अहवाल हाती येण्यापूर्वीच दोघांनी बोलावा, असे सांगितले. प्रतीक्षेचे तीन आठवडे त्यासाठीच उपयोगी पडले, असे मला वाटते.

सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुईने चार-पाच चहाचे चमचे भरेल एवढे पाणी काढले. काही मिनिटांचे काम. रक्तस्राव, पाणी जाणे किंवा ताप आल्यास लगेच कळवा, असे बजावले. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनही लागते. तिला लागले नाही.

बरोबर आलेल्या एका नातलग बाईंनी “मुलगा की मुलगी, तेही कळेल ना?” असे विचारले. बाईंचा चेहरा कठोर झाला. याच परीक्षणाचा गैरवापर थांबविण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला, पुढे १९९४ मध्ये केंद्राने केला. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील जैन मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण हजारी अवघे ८७० होते. किडा-मुंगी जपणाऱ्या समाजाचा हा आकडा मला आजही झोंबतो.

अहवाल आला: बाळ आई-वडिलांसारखेच केवळ वाहक. नात आता चालू लागली आहे.

गेल्या वर्षी अमरावतीत भाचीचे स्थळ पाहताना आम्ही पत्रिकेबरोबर एचपीएलसीचा अहवालही मागितला. मुलाकडची मंडळी थोडी बावरली. एकच वाहक असेल तर मूल मेजर होत नाही, संबंध मोडण्याचे कारण उरत नाही, हे समजावल्यावर मुलाने त्याच आठवड्यात रक्त दिले. इथे मात्र घाई केलेली बरी.